खुर्चीवर बसलेली बहीण

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. राग आलाय, तरी आशीर्वाद आधी लिहिला. तो तुझ्या हक्काचा आहे.

शेजारच्या काकू धापा टाकत आल्या, की तुमची बहीण विधानसभेची अध्यक्ष होणार, पहिलीच बाई! त्यांना पाणी दिलं, हसून दाखवलं आणि त्या गेल्यावर दार लावून कपाळावर हात मारून घेतला. अगं, कोर्टात भल्याभल्यांची भंबेरी उडवणारी तू, तुला एवढं कळू नये? अध्यक्षाला चर्चेत बोलता येत नाही, मत देता येत नाही. तू आमचं विधेयक आणलंस, पंधरवड्यात त्यावर चर्चा व्हायची, आणि नेमकी आत्ताच मुख्यमंत्र्यांना तुझी थोरवी आठवली! उंचावर बसवून तोंड शिवून टाकतायत तुझं.

मी स्वतःपुरतं बोलत नाही. खोटं कशाला, स्वतःपुरतंही बोलते. माझ्या लग्नानंतर इस्पितळात नर्सच्या कामावर गेले, तर मेट्रनबाईंनी एका हातात फुलं दिली आणि दुसऱ्या हातात नोकरी संपल्याचा कागद. सरकारी नोकरीतली बाई लग्न करते तेव्हा तिची नोकरी जाते, असा नियम. तू माझ्यासाठी खटला लढलीस. न्यायाधीश म्हणाले, नियम वाईट असेल, पण तो बदलणं विधानसभेचं काम. म्हणून तू निवडणुकीला उभी राहिलीस आणि मी भर उन्हात तुझ्यासाठी दारोदार फिरले. तुझ्या विधेयकात दोनच तर गोष्टी आहेत: यापुढे लग्नावरून कुणाची नोकरी जाणार नाही, आणि जिची गेली तिला परत घ्यायचं. त्यावर तूच बोलली नाहीस तर कोण बोलणार?

नाही म्हणून कळव. तुझे भावोजी म्हणतात, तिचं तिला ठरवू दे. ते नेहमीच असं म्हणतात, त्यामुळे तिकडे लक्ष देऊ नकोस.

माया आहे तेवढी आहेच, तिला धक्का लागेल असं काही करू नकोस.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पदभार घेऊन परतले तेव्हा तुझं पत्र टेबलावर होतं. आधी मिळालं असतं तरी मी हेच केलं असतं, म्हणून टपालखात्यावर रागावू नकोस.

मी इतकी बावळट नाही. हा समस्त स्त्रीजातीचा सन्मान आहे असं मुख्यमंत्री म्हणाले, तेव्हाच डाव लक्षात आला. पण नाही म्हटलं असतं तर बाई जबाबदारीला घाबरली असा डंका पिटला असता आणि मग पुढची कित्येक वर्षं कुठल्याही बाईला कुणी विचारलं नसतं. दोन्हीकडून कात्रीत सापडले. तू मात्र तिथे बसून मला अक्कल शिकवतेस, याचा मला खरंच राग आला.

खुर्ची इतकी उंच की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. शिपायाने खाली लाकडी खोकं आणून ठेवलं. माझ्या दालनाला लागून असलेल्या संडासाच्या दारावर ‘पुरुष’ अशी पाटी होती. ती काढायला सचिवांनी लेखी हुकूम मागितला. तोच माझा या खुर्चीवरचा पहिला हुकूम! कोर्टात पहिली बाई, सभागृहात पहिली बाई, आता इथेही पहिली. हे ऐकून कान किटले. दुसरी कधी येणार ते कुणी सांगत नाही.

विधेयक आता मास्तर मांडतील. जन्मभर शाळेत शिकवून उतारवयात आमदार झालेत. आवाज कापतो, पण माणूस खणखणीत आहे. चर्चा ऐकायला तू सज्जात येऊन बस. पास सोबत पाठवतेय. फक्त एक कर, ताई, गप्प बस. सज्जातल्या लोकांना बोलायला बंदी आहे.

भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, रागाच्या तळाशी असला तरी चालेल.
तुझी धाकटी

दि. २१ मार्च

माननीय अध्यक्षांस,
आशीर्वाद आज देत नाही.

गप्प बसायचं ठरवूनच आले होते. तासभर बसलेही. मग तुमचे ते आरोग्यमंत्री उठले आणि म्हणाले, की लग्न झालेल्या नर्सचं अर्धं लक्ष घरातल्या चुलीकडे असतं, ती कुणाला काय औषध पाजेल याचा नेम नाही. सगळे खो खो हसले, बाकं बडवली. तू हसली नाहीस, पण त्यांना थांबवलंही नाहीस. मग माझ्याने राहवेना. साथ आली तेव्हा हे गृहस्थ बायकापोरांना घेऊन पळून गेले होते, हे सगळ्या शहराला माहीत आहे. मी उठून तेवढंच विचारलं, की मी साथीच्या वॉर्डात माणसांची ओकारी पुसत होते, तेव्हा साहेबांचं लक्ष कुठे होतं.

आणि तू काय केलंस? हातोडा आपटलास आणि म्हणालीस, सज्जातल्या त्या बाईंना बाहेर न्या. त्या बाईंना! जिने तुला वेणी घालायला शिकवलं, तुझ्या परीक्षेच्या दिवसांत जागून तुझी उत्तरं ऐकली, ती ‘त्या बाई’! दोन पहारेकऱ्यांनी मला कोपराला धरून जिन्यावरून उतरवलं आणि फुटपाथवर सोडलं. छत्री वरच राहिली. येणारेजाणारे बघत होते, चोर पकडल्यासारखे.

मंत्र्याचं मला काही वाटलं नाही, तो तसलाच. तुझ्या आवाजात जराही कंप नव्हता, तो आवाज कानातून जात नाही. मला उत्तर पाठवू नकोस.

आपली,
सज्जातली बाई

दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. उत्तर पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतेय.

तुला बाहेर काढल्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुढच्या बाकावरचे, विधेयकाच्या विरोधातले दोघे तू ओरडायची वाटच बघत होते. तुला बसू दिलं असतं, तर अध्यक्ष पक्षपात करते म्हणून त्यांनी चर्चा बंद पाडली असती आणि विधेयक पुढच्या वर्षावर गेलं असतं. आवाज कापू नये म्हणून मी टेबलाखाली दुसऱ्या हाताची नखं तळव्यात रुतवली होती. हे सांगून तुझा राग जाणार नाही. जाऊही नये.

परवा मतदान झालं. विधेयक मंजूर झालं, हे तू ऐकलंच असशील. कसं, ते माझ्याकडून ऐक. मतं समसमान पडणार होती. तशी पडली तर अध्यक्षाने एक मत द्यायचं, पण प्रघात असा, की ते जुनं आहे तसंच राहू द्यायच्या बाजूने, म्हणजे विधेयकाविरुद्ध, द्यायचं. सचिव नियमांचं पुस्तक पानात खूण घालून माझ्यासमोर ठेवून गेले. मी मतदान पुकारलंच नाही. राजीनामा लिहून उपाध्यक्षांच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून मास्तरांच्या शेजारी जाऊन बसले. अध्यक्ष नाही म्हटल्यावर उपाध्यक्षांना खुर्चीवर बसणं भागच. ते विधेयकाचे कट्टर विरोधक, पण वर चढले आणि त्यांचंही तोंड बंद झालं, मतही गेलं. ताई, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग मी उठले आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बोलले. दोन मतांनी जिंकलो.

आता वाईट तेही सांगते. मतं समसमान झाली कशी? आधी आम्ही चांगलेच मागे होतो. काठावरच्या आमदारांनी मास्तरांना अट घातली, की यापुढच्या बायकांचं ठीक आहे, पण जुन्यांना परत घ्यायचं कलम काढा, तरच मत देऊ. मास्तर माझ्या दालनात आले. म्हणाले, हा निर्णय मी एकटा घेणार नाही, तुमची बहीण त्यात आहे. मी म्हटलं, काढा. पक्षाने नाही, मंत्र्याने नाही, मी म्हटलं. या कायद्यात तू नाहीस.

आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं म्हणून पक्षाने मला काढून टाकलं. सरकारी बंगला आठवड्यात सोडायचाय. त्याचं मला दुःख नाही. जे म्हणायचं ते म्हण, फक्त लिहीत राहा.

तुझी, कुठल्याही पदावर नसलेली,
धाकटी

दि. ८ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद शेवटी देईन, द्यावासा वाटला तर.

तुझं पत्र वाचलं आणि फाडायला घेतलं. तुझ्या भावोजींनी हातातून काढून घेतलं. या माणसाने लग्नापासून पहिल्यांदाच मला अडवलं. काल माझ्या जुन्या वॉर्डातली एक मुलगी आली होती. तिचं लग्न ठरलंय, नोकरी राहणार, म्हणून नाचतच आली. मला मिठी मारली आणि मी दगडासारखी उभी. धाकटे, मला तिचा हेवा वाटला. इतका, की ती गेल्यावर मी भांडी आपटून आपटून घासली. कायदा आम्ही मागितला, उन्हातान्हात आम्ही फिरलो आणि पगारपत्रकावर नाव राहणार हिचं.

कलम ठेवलं असतंस तर सगळंच गेलं असतं, हे मला कळतं. तुझ्या जागी मीही काढा म्हटलं असतं. म्हणून तर जास्त राग येतो, कारण तो कुणावर काढावा तेच कळत नाही. मुख्यमंत्र्यांवर काढू? त्यांच्या झोपेवर काय परिणाम होणार? तुझ्यावरच काढणार, कारण तू माझी आहेस.

तेव्हा सगळं सामान घेऊन इकडे निघून ये. मागची खोली झाडून ठेवली आहे, तुझ्या पुस्तकांसाठी भावोजींनी फळ्या ठोकल्या आहेत. मला तुला समोर बसवून बोलायचंय. हे भांडण एका दिवसात संपणारं नाही, वर्षभर तरी पुरेल. तोवर तू इथून हलायचं नाहीस.

अनेक उत्तम आशीर्वाद. वाट बघतेय.
तुझी ताई