सात मिनिटांचा खुलासा

आबा, मी जर्मनीत आहे. एवढं लिहून जरा थांबले, कारण तुम्ही आधी हेच विचारलं असतं की गाडी कुठे कुठे बदलावी लागते. मुंबईहून एक विमान, पुढे दुसरं विमान, मग रेल्वे, आणि सगळीकडे मी एकटी. जळगावच्या ज्या पाइपांच्या कारखान्यात मी पाइप तपासायचं काम करते, तिथे इथलं एक यंत्र आलंय. ते शिकायला मला तीन आठवडे पाठवलंय. उद्या रविवारी या गावात मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर, म्हणजे अमळनेरहून पळत धुळ्याला जायचं आणि वर परतीच्या वाटेलाही लागायचं. त्यासाठी मी आठ महिने तयारी केली. आणि आज दुपारी, छातीवर लावायचा नंबर घ्यायला गेले तेव्हा, सांगून बसले की माझा पाय मुरगळलाय.

मुरगळलेला नाही, धडधाकट आहे. ज्यांना सांगितलं ते इथले इंजिनिअर. साठीचे असतील. यंत्र बसवायला जळगावला आले होते तेव्हा मेहरूणच्या तलावाकाठी त्यांनी मला पळताना पाहिलं होतं, आणि माझं नाव इथल्या शर्यतीत त्यांनीच घातलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाय म्हटलं आणि ते लगेच कुठूनशी खुर्ची घेऊन आले. कोणता पाय, कधी, कसा, काही विचारलं नाही. उद्या आराम कर म्हणाले, शर्यत दरवर्षी असतेच. मी खुर्चीवर बसले आणि मला तुम्हीच आठवलात. तेव्हापासून या खोलीत बसून आहे. समोर टेबलावर आईने दिलेला कांदा आहे. इथे एवढी थंडी आहे की स्वेटरवर स्वेटर घालावा लागतो, आणि माझ्या बॅगेत ऊन लागू नये म्हणून रुमालात बांधलेला कांदा निघाला. फेकवत नाही.

थकले आहे मी, आबा. पायांनी नाही म्हणत. आई आणि मी पिंप्राळ्यात राहतो, कारखान्याची बस आठला येते, म्हणजे पळायचं ते त्याआधी. उन्हाळ्यात तर साडेचारला निघायचे, तरी परत येईपर्यंत रस्ता तापायला लागायचा. रेल्वेचं फाटक बंद असलं की मालगाडी जाईपर्यंत जागच्या जागी पाय हलवत उभी राहायचे आणि सायकलवरचे दूधवाले बघत राहायचे. एकाने विचारलं, "ताई, मागे कुत्रं लागलं का?" रविवारी पहिल्या एसटीने तीस किलोमीटर लांब जायचे आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत पळत घरी यायचे. कंडक्टरने एकदा हसत सांगितलं की या बाईंची गाडीवर श्रद्धा फक्त जाण्यापुरती आहे. मीही हसले. पण जो तो विचारतो, कशाला? या वयात, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईने, कशाला? आठ महिने मी उत्तर शोधत पळाले आणि मिळालं नाही. त्या "कशाला"चं ओझं पायांपेक्षा जास्त झालंय.

खरं म्हणजे पळायला मला तुम्हीच लावलंत, तेही न सांगता. तुम्ही पहाटे सायकलवर अमळनेरच्या डेपोत जायचात आणि धुळ्याची गाडी घेऊन सहा चाळीसला आपल्या फाट्यावर यायचात. आईच्या तेव्हा कुठे भाकरी थापून व्हायच्या. गरम डबा घेऊन घरापासून फाट्यापर्यंत पळत यायचं काम माझं. गाडी अर्धं मिनिट थांबायची, तुम्ही ड्रायव्हरच्या दारातून हात खाली करायचात, मी डबा द्यायचे, की गाडी सुटली. मी अजून वीस पावलांवर असले तरी सुटायची. सगळा तालुका तुमच्या गाडीवर घड्याळ लावायचा. सरपंचांना धुळीत हात हलवत उभं ठेवून तुम्ही गेला होतात. एकदा मी फार आधी पोचले, बसले होते पाय हलवत, तर त्यावरही बोललात. "येळवर म्हंजे येळवर. आगे बी नही, मांगे बी नही." गाडी वेळेआधी सोडली तर वेळेवर येणाऱ्याची चुकते, ही गाडीची गोष्ट तुम्ही माझ्या पायांनाही लागू केलीत. इथे लोक मनगटावर भारी घड्याळं बांधून पळतात. मला अजून लागत नाही.

त्या पळण्यामुळेच मी शाळेच्या शर्यतींत पहिली यायला लागले आणि नववीत विभागीय स्पर्धेसाठी निवडली गेले. स्पर्धा धुळ्याला. खेळाचे सर मुलांना घेऊन आदल्या दिवशीच गेले. मी सकाळी तुमच्या गाडीने यायचं असं ठरलं. पण तुमची गाडी धुळ्याच्या स्टँडवर दहा मिनिटांत परत फिरायची, म्हणजे स्टँडपासून मैदानापर्यंत मी एकटी. आदल्या संध्याकाळी तुम्ही तिकिटांच्या हिशेबाच्या एका जुन्या वेबिलामागे पेन्सिलीने रस्ता काढून दिलात. वळणं, चौक, पाण्याची टाकी, कुठे डावीकडे व्हायचं, सगळं अगदी ड्रायव्हरच्या नजरेनं. "एकली जाशी ना? भ्याव तं नही वाटस?" मी नाही म्हटलं. तुम्ही दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर आले नाही. संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा मी पाय पसरून बसले होते. सांगितलं, पळताना पडले, पाय मुरगळला, डबाही सांडला. "कथा मुरगळना? दखू दे. दुखस का व माय?" तुम्ही हळद आणि तुरटी गरम करून लेप लावलात. जिथे बोट ठेवाल तिथे मी आई गं म्हणत होते. तुमच्या पोटात सकाळपासून स्टँडवरच्या चहाशिवाय काही नव्हतं. डब्याचं आई बोलायला लागली तर म्हणालात, "जाऊ दे, पुढला साल जाशी ती."

मग तो कागद आला. गाडी धुळ्याला सात मिनिटं उशिरा पोचली होती, एका व्यापाऱ्याची सुरतेची गाडी चुकली, त्याने तक्रार केली. एवढ्या वर्षांत तुमच्याकडे पहिल्यांदा खुलासा मागितला गेला. तुम्हाला सही यायची, लिहायला बसायचा कंटाळा. अक्षर माझं चांगलं, म्हणून मला बसवलंत. मी म्हटलं, टायर पंक्चर लिहू? तुम्ही रागावलात. "खरं शे तेच लिख. पोरसाठे थांबनू, लिख." आणि मी लिहिलं. मुलीचा पाय मुरगळल्याने ती वेळेवर पोचू शकली नाही, तिची वाट पाहत गाडी सात मिनिटे थांबवली, चूक माझी आहे. खाली तुमची सही. तुमच्या सगळ्या नोकरीतला एकच खोटा कागद, आणि तो माझ्या अक्षरात आहे.

मी पडले नव्हते, आबा. मी पाच मिनिटं आधी आले होते आणि फाट्याअलीकडे रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसले होते. भ्याव वाटत होतं. हरण्याचं नाही. त्या स्टँडवर उतरून एकटीने चालत जाण्याचं, चड्डी घालून अनोळखी लोकांसमोर उभं राहण्याचं, वाट चुकण्याचं. ते तुम्ही विचारलं तेव्हा सांगता आलं नाही, कारण तुम्ही इतक्या हौसेने रस्ता काढत होतात. मोरीतून मला गाडी दिसत होती. अर्धं मिनिट झालं आणि गाडी सुटली नाही. तुम्ही हॉर्न दिलात. मग दार उघडून खाली उतरलात. ड्युटीवर खाली उतरलेले तुम्ही मला कधीच दिसला नव्हतात. कपाळावर आडवा हात धरून तुम्ही गावाच्या रस्त्याकडे बघत उभे. कंडक्टर नाना म्हणाले, "आबा, चला आते. बठ्ठा लोक बोंबली ऱ्हायनात." तुम्ही म्हणालात, "थांब जरासा. पोर येस." सात मिनिटं तुम्ही हे म्हणत होतात आणि मी पन्नास पावलांवर तोंड दाबून बसले होते. पुढल्या वर्षी मी नावच दिलं नाही. तुम्ही मात्र पायाची गोष्ट शेवटपर्यंत सांगत राहिलात, पाय मुरगळला नसता तर माझी पोर पहिली आली असती म्हणून. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलीत. मी तिथेच होते, तुमचे पाय चेपत. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्याला बारा वर्षं झाली.

मघाशी मध्येच उठून खाली गेले होते. काउंटरवरच्या मुलीला त्या इंजिनिअरना फोन लावून द्यायला सांगितलं. म्हटलं, पाय बरा आहे. ते म्हणाले, इतक्यात? मी म्हटलं, मुरगळलाच नव्हता, मला भीती वाटली. तेच मी पुन्हा एकदा म्हटलं. मला वाटलं माझं इंग्रजी कळलं नाही. मग म्हणाले, सकाळी सातला खाली थांबतो, मैदानापर्यंत सोबत येतो. मी म्हटलं, सोबत नको, फक्त रस्ता काढून द्या. भीती अजून आहेच. पळून होईल की नाही तेही माहीत नाही, तिसाव्या किलोमीटरच्या पुढे मी कधी गेलेच नाही. पण सातला मी खाली असेन. आगे बी नही, मांगे बी नही.

हा कागद इथेच राहणार, बॅगेत, कांद्याच्या रुमालात. डेपोत तुमची फाइल आता कोण ठेवणार, आणि कोण दुरुस्त करणार. फक्त एक राहिलं. त्या दिवशी डबा सांडला नव्हता, आबा. तुमची गाडी दिसेनाशी झाल्यावर मोरीत बसून, तुम्ही काढलेला रस्त्याचा कागद खाली अंथरून, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन्ही भाकरी मी खाल्ल्या. रडत होते, पण भूक लागली होती.