पिवळ्या डब्यातली बेचाळीस काडतुसं

मी, हार्लन टोबायस ग्रेबर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बेंच क्रीक, मॉन्टाना, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीच्या मुद्द्यावर माझी दिवंगत पत्नी आयलीन हिने हरकत घेतली असती, पण आता तिचा इलाज नाही.

कलम १. घर, पिकअप गाडी, बँकेतली शिल्लक आणि फ्रीझरमधलं हरणाचं मांस मुलगी मार्डेल हिला.

कलम २. गॅरेजातलं, रिकाम्या पुंगळ्यांत बारूद घालून काडतुसं भरायचं यंत्र, तराजू आणि माझ्या वह्या जावई क्लेटन याला, पण अटीवर. या गृहस्थाला लघुशंकेचीसुद्धा घाई. मागच्या हिवाळ्यात मला म्हणाला, "हार्लन, बारुदीच्या मापांच्या पुस्तकातला सगळ्यात खालचा आकडा भित्र्यांसाठी असतो. आपण वरनंच सुरुवात करू."

मी म्हटलं, "कर की. वरनं सुरुवात करणारे लवकर वर जातात."

तर अट अशी. त्याने मार्डेलसमोर दहा काडतुसं भरावीत. टेबलावर बारुदीचा एकच डबा असावा. पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करावी आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावावं. मैदानावर डोळ्यांना चष्मा लावून एकेक झाडावं, दर वेळी रिकामी पुंगळी निरखावी आणि वहीत लिहावं. बार फुसका वाजला तर दुसरा उडवू नये; पिस्तूल रिकामं करून नळीत गोळी अडकली आहे का ते बघावं. भरताना फोन वाजला तर वाजू द्यावा. एवढं जमत नसेल तर यंत्र भंगारात घालावं.

कलम ३. वरच्या फळीवरचा पिवळा डबा. त्यात बेचाळीस काडतुसं आहेत आणि क्लेटनचा त्यांवर डोळा आहे. "तुमच्या हातची काडतुसं, नेमबाजीच्या क्लबात नाव आहे त्यांचं," म्हणतो. ती कुणालाही देत नाही. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही, मग भरणारा सख्खा भाऊ का असेना, ही आमच्यातली रीत. क्लबाच्या भिंतीवर ती पाटी मीच रंगवली आहे.

कलम ४. मेव्हणा डेल्बर्ट याला काहीही नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये, आणि साक्षीला मला तोच हवा आहे.

१९९४ साली डेल्बर्टचं पिस्तूल हातात फुटलं आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. टीव्ही बघत भरली असणार गाढवाने, असं मी क्लबात सांगितलं, मग ती पाटी रंगवली, आणि तीस नाताळ जेवणाच्या टेबलावर त्याची टर उडवली. ती काडतुसं याच पिवळ्या डब्यातली होती. मी भरलेली. मधेच फोन वाजला, मी उठलो, आणि परत येऊन भरलेल्या पुंगळ्यांतच पुन्हा माप ओतलं. ही बारूद इतकी कमी लागते की दोन मापंही बेमालूम मावतात. दिव्याखाली डोकावलो असतो तर दिसलं असतं. फोन कुणाचा होता ते इथे लिहीत नाही.

उरलेली बेचाळीस मी कधी उकलली नाहीत. आत काय दिसेल याची भीती वाटली. मला लाज वाटते. ती क्लेटनच्या हाती पडू नयेत, यासाठीच मुख्यतः हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमं तोंडी लावायला.

ठिकाण: बेंच क्रीक. दिनांक: ९ ऑक्टोबर २०२४.
सही: हार्लन टो. ग्रेबर

साक्षीदार १: लॉर्ना फिच, टपाल कचेरी. (सही केली. वाचलं नाही असं सांगायला सांगितलंय.)

साक्षीदार २: डेल्बर्ट, मेव्हणा. साक्षीदाराने नुसती सही करायची असते, तरी लिहितो. हार्लन, २००३ साली तू अलास्काला मासे धरायला गेलास, तेव्हा आयलीनने मला गॅरेजची किल्ली दिली. मी बेचाळीसच्या बेचाळीस उकलली. चारांत दोन-दोन मापं होती. आता त्यांत ना बारूद आहे ना ठिणगी पाडणारी टोपी, नुसती गोळी बसवून ठेवली आहे. क्लेटनने खुशाल शोकेसमध्ये मांडावीत. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. आणि फोन माझाच होता. काडतुसं झाली का, विचारायला केला होता.
सही डाव्या हाताने.