खोलीत एक जास्त

प्रिय भावोजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा माझ्यावरचा राग निवळला असेल असं धरून चालतो (नसेल, तर ती बाहेर गेली की वाचा). मी बरा आहे. खातोपितो, झोपतो. फक्त पाठ भिंतीला टेकवल्याशिवाय खोलीत बसवत नाही.

तुम्हीच म्हणालात ना, घरात माश्या मारण्यापेक्षा एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात हात घाल, चार लोकांना काम दिसू दे? नोकरी गेल्यापासून मिळालेल्या सल्ल्यांत स्वभाव बदलायला न सांगणारा हा एकच, म्हणून मी तो मानला. शिवाय मुलाखत घेतलेल्या कंपनीनंही असलंच काम दाखवायला सांगितलं होतं. ते दाखवलं तरच नोकरी.

मी निवडलेला प्रोग्राम कॅमेऱ्यातून बघून खोलीत किती माणसं आहेत ते मोजतो (कोणी नसेल तर दिवे बंद व्हावेत म्हणून). त्याचा कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा आणि पाठवावा. मी आधी सूचना वाचल्या (हसू नका, खरंच वाचल्या), मग ‘नवख्यांसाठी सोपं’ असा शिक्का असलेलं एक काम उचललं. तक्रार एवढीच होती की माणूस एक जास्त मोजला जातो. खाली कितीतरी नवख्यांनी ‘मी बघतो’ लिहिलं होतं आणि पुढे त्यातल्या एकानंही काही लिहिलं नव्हतं. म्हटलं, काय आळशी लोक आहेत! आणि मीही लिहिलं, ‘मी बघतो.’

भर दुपारी कॅमेरा लावला. खोलीत मी एकटा, आकडा दोन. खुर्चीवरचे कपडे उचलले, दोन. आरसा झाकला, तरी दोन. हा प्रोग्राम मोजलेल्या प्रत्येकाभोवती हिरवी चौकट काढतो. एक माझ्याभोवती होती. दुसरी माझ्या खांद्यापाशी, कोणी वाकून स्क्रीन वाचत असावं तशी. मी अनवाणीच खाली दुकानापर्यंत गेलो आणि कारण नसताना साबण घेऊन आलो.

भावोजी, माझी पाचावर धारण बसली होती. पण नोकरी हवी होती. म्हणून कोणताही प्रोग्रामर करेल तेच केलं, उत्तरातून एक वजा केला. एक ओळ! प्रकल्प सांभाळणाऱ्या बाई एरवी स्वल्पविरामावरूनही हुज्जत घालतात म्हणे. मला त्यांनी एवढंच विचारलं, की इथून काढल्यावर ते कुठे जातील याचा विचार केलाय का? मी ठोकून दिलं, ‘हो.’ त्यांनी ओळ लगेच घेतली. मग आभारांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, कितीतरी वर्षांनी आज दाराकडे पाठ करून बसलो.

माझ्याकडेही आकडा एकवर आला. दुसऱ्या दिवशी मात्र चार झाला. जसजसे लोक माझी ओळ असलेली नवी आवृत्ती घेतायत तसतसा इथला आकडा चढतोय. काल सदतीस होता. स्क्रीनवर नुसत्या हिरव्या चौकटी, माझी कुठली तेच कळेना. ते त्रास देत नाहीत हो, पण सगळे वाकून वाचत असतात, आणि मला चूक केली की लाज वाटते. ओळ मागे घेणं मिनिटाचं काम आहे. पण माझं दाखवायचं काम म्हणजे तेवढी एकच ओळ, आणि कंपनीला ती फार आवडली आहे.

ताईला यातलं काही सांगू नका, ती आधीच म्हणते की मी नसतं झेंगट गळ्यात घेतो. थोरांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. नोकरी लागली! पगार उत्तम. पण काम घरूनच करायचं आहे, म्हणजे याच खोलीत. तर तुमची मागची खोली थोडे दिवस मिळेल का? भांडी घासीन, ताईचं सगळं ऐकून घेईन. सामान एकच बॅग.

आणखी एक. स्क्रीनवरचं सगळं वाचलं जातं म्हणून हे पत्र मुद्दाम कागदावर, पाठ भिंतीला लावून लिहिलं. ‘सामान एकच बॅग’च्या पुढे मी ‘आणि मी एकटाच येईन’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. ते कोणी खोडलं, मला खरंच माहीत नाही.