भागुजीची गाय आणि माझा शब्बाथ

तिसगाव, १ मार्च १९७३, गुरुवार

छावणीत आज आणखी गुरं आली. पाण्याचा टँकर दुपारी. भागुजीने, म्हणजे छावणीच्या मुकादमाने, माझी वर तक्रार केलीय. गुरांचा डॉक्टर शनिवारी कामावर येत नाही म्हणून. शनिवार आम्हा यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्याबदली रविवारी दिवसभर राबतो, ते नाही सांगितलं. जाब विचारला, तर म्हणतो, "दुष्काळाला सुट्टी हाय का, डाक्टर?" संताप, संताप.

४ मार्च, रविवार

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने, मिल्काने, शब्बाथचा दिवा लावला. मनुकांचं शरबत झालं, प्रार्थना झाली. ओठ हलत होते, डोक्यात भागुजी. असला कसला विसावा?

काल सकाळी तोच दारात. "गाय अडलीय. दोन जीव जात्याल. या."

मी उंबऱ्यातच थबकलो. शब्बाथ. आणि त्यात हा माणूस!

मिल्का म्हणाली, "मामंजी काय शिकवायचे? वैऱ्याचं जनावर पडलेलं दिसलं तर तोंड फिरवायचं नाही. त्याच्यासोबत उचलायचं."

गेलो. वासराचा पाय आत मुडपलेला. हात घालून सरळ केला, दोरी बांधली. एका बाजूला मी, एका बाजूला भागुजी, खांद्याला खांदा लावून ओढत होतो. कालवड झाली. जिवंत. गाय तिला चाटायला लागली तसा भागुजी रडला. मी दुसरीकडे पाहिलं.

राग गेला? नाही. पण पूर्वीसारखा धडही राहिला नाही.

७ मार्च, बुधवार

भागुजी तांब्यात चीक घेऊन आला. कालवडीलाच पाज म्हटलं. तक्रारीचं विचारलं.

"ती मागं घेनार न्हाई. माझ्या गाईला आला. दुसऱ्याची शनवारी अडली तर?"

"येईन."

"मग घरी बसता कशापायी?"

देवाने विसावा गड्यालाही दिलाय, बैलालाही. अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरून खडी फोडणाऱ्या बाया कामावर चालल्या होत्या. ते गप्प बसणं अजून टोचतंय.

९ मार्च, शुक्रवार, दुपार

नगरहून निरोप. चौकशी उद्या सकाळी, छावणीतच. गेलो नाही तर बदली, कदाचित नोकरीही. गाईसाठी गेलो. स्वतःसाठी जाऊ? बाबा काय म्हणाले असते, खरंच माहीत नाही.

मिल्का वाती वळत म्हणाली, "तुम्ही ठरवा. दिवा मी वेळेवर लावणार."

भागुजी आत्ताच दारावरून गेला. "उद्या या बरं का, डाक्टर. गाईचंबी सांगतो मी सायबाला."

तक्रार करणाराच हा!

"बघू," म्हणालो. ऊन उतरलं. दिवा लागला की शब्बाथ सुरू, मग लिहायचंही नाही. आता पेन ठेवायला हवं, आणि अजून काही ठरत—