तलावावरच्या जादा पताका

ती. सौ. ताईस,

तुझ्या बारमाही ओल्या भावाने कोरड्या हाताने लिहिलेला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला, की अजून सगळ्या गल्लीला उठवतात? (त्यांना म्हणावं, खोकला माझ्या शिट्टीपेक्षा बरा, निदान कोणी ऐकतं तरी.) इकडे तुझी भावजय मजेत आहे आणि मी आहे तसाच आहे. खरं काम पत्राच्या शेवटी लिहितो. आधी माझा संताप ऐकून घे, कारण घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

पहिली गोष्ट, भावोजींना सांग की त्यांच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला मी तयार आहे. इतकी वर्षं ते बोलावत होते आणि मी हसण्यावारी नेत होतो. आता नाही. फरशीत कोणी बुडत नाही, फरशीला गुडघे वाकवू नकोस म्हणून ओरडावं लागत नाही आणि फरशी ‘सर, आज पाणी गार आहे’ म्हणून घरी जात नाही. कॉलेजातल्या पोहण्याच्या प्रशिक्षकाचं आयुष्य म्हणजे काय असतं ते तुला सांगतो. हातात लांब बांबू, गळ्यात शिट्टी, आणि तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत चालायचं. इतिहासाचे सर म्हणतात, तुमचं बाकी बरं आहे, फिरायचा पगार मिळतो. बांबू बुडणाऱ्याला धरायला असतो, पण तो निम्मा वेळ माळ्याकडे, फळं पाडायला. अंगाला क्लोरीनचा वास असा मुरलाय की कुठल्याही समारंभात माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहते (तेवढीच एक सोय). आणि एवढं ओरडून उपयोग शून्य, कारण पोहणाऱ्याचे कान पाण्यात. तुझी भावजय म्हणते, तुम्ही चहासुद्धा पलीकडच्या काठावरून मागितल्यासारखा मागता. मागतो! सवय झाली, काय करू?

आता यंदाचं ऐक. नवीन प्राचार्यांना तलाव डोळ्यांत खुपतो. त्यांना त्याच्यावर फरशी टाकून सभागृह करायचंय, कारण म्हणे पाण्यावर सभा घेता येत नाही. (माणूस चुकीचं बोलतो असंही म्हणता येत नाही, हाच तर त्रास.) बरीच हुज्जत घातल्यावर ते एवढंच कबूल झाले की यंदाच्या आंतरकॉलेज स्पर्धेत एक तरी सुवर्णपदक आलं तर तलाव राहील, नाहीतर सुट्टीत गवंडी येतील. माझी सगळी भिस्त एका मुलीवर. तिला आम्ही बाण म्हणतो. पाठीवर पोहते, आणि असं सरळ पोहते की बघत राहावं.

ताई, इथे जरा लक्ष दे, पुढचा सगळा घोळ यातच आहे. पाठीवर पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही, वरचं आभाळ तेवढं दिसतं. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना, भिंतीच्या जरा अलीकडे, वर आडवी पताकांची दोरी बांधतात. डोक्यावर पताका आली की ठरलेले हात मारायचे, कोलांटी घ्यायची, भिंतीला पाय लावायचा आणि परत फिरायचं. कुठल्याही तलावावर हीच पद्धत. मी माझ्या पोरींकडून हे इतकं घोटून घेतलंय की त्यांना रस्त्यात पताका दिसली तरी त्या कोलांटी मारतील. अपवाद एक, झोपाळू. ही बया डोळे मिटून पोहते. दंड पट्टा आखणाऱ्या तरंगत्या दोरीला घासत घासत जाते आणि दर खेपेला भिंतीवर डोकं आपटते. ठण्ण. तीन वर्षं मी घसा फोडून सांगतोय, डोळे उघड, पताका बघ. हो सर म्हणते आणि पुन्हा ठण्ण. ऐन स्पर्धेला आमची एक मुलगी तापाने आजारी पडली, म्हणून हिला काठाजवळच्या शेवटच्या पट्ट्यात उतरवली. रांग रिकामी दिसू नये, एवढाच हेतू.

स्पर्धा आमच्याच तलावावर, आणि सजावट उपप्राचार्यांकडे होती. (आता कळलं ना?) प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांच्याबरोबर चहाला मला कोट घालून ऑफिसात बसवलं, आणि मी बाहेर येऊन बघतो तर तलावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पताकाच पताका! एवढ्या मोठ्या तलावाला दोनच दोऱ्या म्हणजे कॉलेजची शोभा, असं उपप्राचार्यांना वाटलं. त्यांनी मधली सगळी जागा भरून काढली होती, आणि मनापासून खूश होते. मुली पाण्यात, भिंतीला धरून तयार. मी ओरडायला लागलो तर लाऊडस्पीकरवर पाहुण्यांची थोरवी चाललेली. तेवढ्यात शर्यत सुटली. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली, पण माझी शिट्टी म्हणजे जोर लावा, हे त्यांना मीच शिकवलेलं. त्यांनी आणखी जोर लावला.

बाणाच्या डोक्यावर पहिली जादा पताका आली. तिने हात मोजले आणि अशी देखणी कोलांटी घेतली म्हणून सांगू! तलावाच्या ऐन मध्यावर. पाय मारला तो पाण्यालाच. तिच्या मागोमाग बाकीच्या, दुसऱ्या कॉलेजांच्यासुद्धा, कारण त्याही गुणी, त्यांच्याही सरांनी हेच शिकवलेलं. एकजण जिथून निघाली तिथेच परत जाऊन जिंकल्यासारखा हात वर करून बसली, दोघी पट्ट्याच्या दोरीत अडकल्या. प्रमुख पाहुण्यांना वाटलं हा खास त्यांच्यासाठी बसवलेला कार्यक्रम. ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी कोटासकट काठावरून इकडून तिकडे धावत बोंबलत होतो, आणि या सगळ्या गोंधळातून शेवटच्या पट्ट्यात, डोळे गच्च मिटून, झोपाळू आपली चाललेली. ठण्ण. वळली. ठण्ण. शेवटच्या ठण्णला तर अख्ख्या तलावावर दुसरा आवाज नव्हता. तिने डोळे उघडले, बाकीच्या दोऱ्यांना लोंबकळताना पाहिल्या, आणि तिला वाटलं सगळ्या केव्हाच पोचून दम खातायत. मला म्हणाली, ‘सॉरी सर, आजपण उशीर झाला.’

पंचांनी बाकी सगळ्या बाद केल्या. सुवर्णपदक झोपाळूला. तलाव वाचला गं ताई, पण असा वाचावा? ज्यांनी माझं अक्षर न् अक्षर ऐकलं त्या झाडून बाद, आणि जिने तीन वर्षांत काही ऐकलं नाही ती पहिली! प्राचार्यांनी माइकवर माझ्या ‘डोळे मिटून एकाग्रता’ पद्धतीचं कौतुक केलं आणि हातात गुच्छ दिला. उपप्राचार्य म्हणाले, पताका लाभल्या. मी दातओठ खात हसलो. मग कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाण भेटली, रडून रडून डोळे लाल. म्हणाली, सर, तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं मी. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. तेव्हा ठरवलं, बास झालं. भावोजींना सांगच.

तुझा, काठाकाठाने फिरून दमलेला,
धाकटा

ता. क. भावोजींजवळ दुकानाचं इतक्यात काढू नकोस. आज पहाटे बाण सगळ्यांच्या आधी येऊन पाण्यात उतरली होती. आता तिला सोडून जाऊ कसा?

ता. क. आता खरं काम. मांडववाल्याने जादा पताका उतरवताना माझ्या दोन्ही दोऱ्याही उचलून नेल्या. तुझ्या मशीनवर नायलॉनच्या तिकोनी पताका शिवून दे, दोन दोऱ्यांपुरत्याच. उपप्राचार्यांचा फोन आला तर सांग, कापड संपलं.

ता. क. आणखी एक. झोपाळूला मी शेवटी विचारलं, बाई, डोळे का मिटतेस? म्हणाली, उघडले की आभाळ फार मोठं दिसतं आणि भीती वाटते. मिटले की काठावरून तुमचा आवाज चालत असतो, त्याच्याबरोबर जाते. तुम्ही थांबलात की भिंत आली हे कळतं, पण तोवर डोकं आपटलेलं असतं. तर ताई, स्पंज भरून, वरून रेनकोटचं कापड लावून, भिंतीला बांधायला चार कोपऱ्यांना बंद असलेली एक जाडशी उशी शिव. एक नको, दोन शिव. दोन्ही टोकांना लागतील.