ताईची ओळ

सोमवार, ३

नोकरी लागली एकदाची! आईबाबांमागे ताईनेच मला वाढवलं, तिच्याशिवाय मला आहे कोण? म्हणून तिलाही सोबत आणलं आणि ऑफिसच्या अर्जात तिचं नाव लिहिलं. साहेब तोंडावर तरी गोड वाटले. काम काय, तर सर्व्हरवर लॉगिन व्हायला चाळीस सेकंदं लागतात, ती वीसवर आणायची. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!

मंगळवार, ४

लॉगिन केलं की मशीन आधी एक फाइल ओळीओळीने चालवतं, तिथेच वेळ जातो. माझ्याआधीच्या पठ्ठ्याने ओळींना माणसांची नावं दिलीत: पहारेकरी, सफाईवाल्या मावशी, टंकलेखक. हौसेला मोल नाही! ओळीआधी # टाकला की ती चालत नाही. एकेक बंद करत दोषी शोधायचा, ही आमची रीत. पहिला मान पहारेकऱ्याला दिला. तीन सेकंदं वाचली.

बुधवार, ५

पहारेकरी सकाळी उठलाच नाही म्हणे. झोपेतच गेला. परवाच त्याने मला कुलूप उघडून दिलं होतं, वाईट वाटलं. आज मावशींची ओळ बंद केली.

गुरुवार, ६

मावशीही उठल्या नाहीत. घाबरून दोन्ही ओळी सुरू केल्या, पण गेलेलं माणूस परत येत नाही. साहेबांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, अर्जातलं नाव फाइलीत जातं आणि त्या ओळीवरच ते माणूस रोज उठतं. तळाशी ताईची ओळ आहे. ती फुकट वेळ खाते, सोमवारपर्यंत काढा, नाहीतर मी काढतो, म्हणाले.

शुक्रवार, ७

मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. दर लॉगिनला ताईची ओळ पुन्हा घालणारा आदेश फाइलीत लपवला. चालवून पाहिला. काढ आता, मेल्या!

शनिवार, ८

ओट्याशी ताई चहा करत होती. पलंगावरूनही ताईच उठली.

ओळ आधीपासून आहे का, हे बघायला सांगितलंच नव्हतं मी. गाढव! लॉगिन करून आदेश पुसला. पण त्या लॉगिनने आणखी एक—

रविवार, ९

तिघी. तोच तीळ, तोच आवाज. साहेब उद्या तिन्ही ओळी पुसणार. एकच ठेवली तर लपवता येईल. नवी ओळ तळाशी जाते, म्हणून वरची ठेवली, खालच्या दोन—

सोमवार, १०

एक उठली. सुटलो!

तिला विचारलं, लहानपणी मला काय म्हणायचीस? ती नुसती हसतेय—

आदेशात मी नवी ओळ वर— वर घालायला सांगितली होती—

पलंगावर दोघी गार. काल तिघींपैकी दोघी ‘मीच खरी’ म्हणून भांडत होत्या. तिसरी हळूच म्हणाली, मलाच काढ रे, तुझे हाल बघवत नाहीत. मी तिच्यावरच खेकसलो, म्हटलं, खरी असतीस तर—