अस्वलासमोर तुझा आवाज

प्रिय ताई,

नमस्कार. आधी एवढं वाच की मी धडधाकट आहे, बाकीचं मग.

परवा जंगलात झाडांचे घेर मोजताना वळणावर अस्वल समोर आलं, आपल्या अंगणाच्या रुंदीइतकं जवळ. मागच्या पायांवर उभंच राहिलं. इथे पहिल्या दिवशीच शिकवतात: पळायचं नाही, ओरडायचं नाही, पाठ फिरवायची नाही. हळू बोलत मागे सरकायचं आणि त्याची वाट मोकळी ठेवायची.

बोलायचं काय, ते कुणी शिकवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते तुझं बोलणं. बाबा माणसं विसरून काठी उगारतात तेव्हा तू म्हणतेस ना, "असू द्या हो. कुणी अडवत नाही तुम्हाला." तेच, त्याच सुरात. अस्वल चार पायांवर आलं, फुसफुसलं आणि झाडीत निघून गेलं.

बाबांना अस्वल म्हणतोय असं समजू नकोस! हे ऐकून आमच्या तळावरचा स्वयंपाकी म्हणतो, "साहेब, इतकं गोड आमच्याशीही बोला की कधी." माझा तो धीर होता की पायच उचलेनात, हे मलाही सांगता येणार नाही.

पण मी ते एकदाच केलं आणि अजून धड झोप नाही. तू रोज करतेस, आणि पत्रात लिहितेस, 'इकडे सगळं ठीक.' काठी लागून तुझं मनगट सुजल्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळावं? उतरली का सूज?

रजा मंजूर झाली आहे. रविवारी पोचतो. महिनाभर बाबांजवळ मी असेन. तू फक्त झोप.

तुझा,
धाकटा